छापील शब्दावरील विश्वास : शास्त्रीय नियतकालिकांचे संपादन आणि प्रकाशनाची नीती

प्रयोगशाळेत एखादा नवा गुणधर्म आढळला, किंवा एखाद्या गणितज्ञास नवे प्रमेय सिद्ध करता आले, म्हणजे संशोधन पुरे झाले असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः त्या वेळी ते अर्धेच झालेले असते. जे एकट्याला ठाऊक आहे त्यास विज्ञान म्हणता येत नाही. इतरांनी ते वाचावे, तपासावे, शक्य तर पुन्हा करून पाहावे, आणि टिकले तर त्यावर पुढची भर घालावी, तेव्हा कोठे त्याचे ज्ञानात रूपांतर होते. हे काम ज्या साधनाने होते ते साधन म्हणजे शास्त्रीय नियतकालिक होय. त्यात छापलेल्या निबंधावर जगभरातील वाचक विश्वास ठेवतात. वैद्य त्यावरून औषध ठरवितात, अभियंते त्यावरून पूल बांधतात, शिक्षक त्यावरून पाठ्यपुस्तके लिहितात. हा विश्वास कसा निर्माण झाला, तो कोणत्या नियमांनी सांभाळला जातो, आणि तो मोडला तर काय होते, हे जाणणे विद्यार्थ्यास व सामान्य वाचकासही अगत्याचे आहे.

नियतकालिकांचा उदय

सतराव्या शतकाच्या आरंभी शोध जाहीर करण्याची रीत आजच्यासारखी नव्हती. शोध सांगितला तर दुसरा कोणी तो आपला म्हणून मिरवील, आणि न सांगितला तर दुसरा कोणी तो आधी जाहीर करील, अशी दुहेरी भीती शास्त्रज्ञांस असे. १६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शनीचा आकार विचित्र दिसला. तो ग्रह त्यास तीन गोलांचा बनलेला वाटला. त्याने ही गोष्ट एका वाक्यात मांडली, त्या वाक्यातील अक्षरांचा क्रम पार बदलून टाकला, आणि ते अक्षरांचे कोडे प्राग येथे धाडले. केप्लरने ते सोडविण्याचा यत्न केला, आणि मंगळाला दोन चंद्र आहेत असा भलताच अर्थ त्यातून काढला. शोधावरील आपला हक्क राखून ठेवण्याची ही युक्ती गॅलिलिओस सोयीची होती. परंतु अशा गुप्ततेत ज्ञानाची वाढ होणे कठीणच होते.

या अडचणीतून वाट काढणारी दोन नियतकालिके १६६५ साली निघाली. जानेवारी महिन्यात पॅरिस येथे ‘जुर्नाल दे साव्हां’ सुरू झाले, आणि मार्च महिन्यात लंडन येथे रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हे नियतकालिक स्वतःच्या जबाबदारीवर काढले. ओल्डेनबर्ग यांच्याकडे युरोपभरातून विद्वानांची पत्रे येत. पत्र केव्हा पोचले याची नोंद ते ठेवीत आणि त्यातील मजकूर छापीत. त्यामुळे शोध कोणी व केव्हा कळविला, हे सर्वांदेखत ठरू लागले. शोध लपविण्यात जो लाभ वाटत असे, तोच आता शोध लवकर प्रसिद्ध करण्यात वाटू लागला.

तेव्हापासून आजतागायत नियतकालिकाची मुख्य कामे चार मानली जातात : शोधाच्या अग्रक्रमाची नोंद करणे, त्याची पारख करणे, तो सर्वत्र पोचविणे, आणि पुढील पिढ्यांसाठी तो जतन करून ठेवणे. यांपैकी पहिल्या कामाचे महत्त्व भारतीय वाचकास प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या उदाहरणावरून सहज पटेल. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्ता येथे रामन व त्यांचे सहकारी कृष्णन यांना प्रकाशाच्या प्रकीर्णनातील नवा परिणाम निःसंशय दिसला. ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यासंबंधीचे पत्र ३१ मार्च रोजी प्रसिद्ध झाले, आणि कलकत्त्याच्या ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्येही विस्तृत निबंध आला. मॉस्को येथे लांड्सबर्ग व मांदेलश्ताम यांना त्याच सुमारास स्फटिकांत हीच घटना आढळली होती. परंतु त्यांचा निबंध काही महिन्यांनी छापला गेला. आपल्या देशात आपले नियतकालिक असणे, आणि त्यात काम वेळेवर छापले जाणे, ही किती मोलाची गोष्ट आहे हे यावरून दिसून येते.

निबंधाचा प्रवास

लेखकाने धाडलेला निबंध जसाच्या तसा छापला जात नाही. प्रथम संपादक तो वाचतो. विषय नियतकालिकाच्या कक्षेत बसतो काय, मांडणी पुरेशी स्पष्ट आहे काय, त्यात काही नवे आहे काय, हे तो पाहतो. बरेचसे निबंध याच पायरीवरून परत जातात. उरलेले निबंध त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे अभिप्रायासाठी धाडले जातात. यांना परीक्षक म्हणतात. प्रयोगाची पद्धती योग्य आहे काय, आकडे निष्कर्षांना आधार देतात काय, पूर्वी झालेल्या कामाचा उल्लेख आहे काय, या गोष्टी तपासून ते लेखी अभिप्राय देतात. त्यावरून संपादक निबंध स्वीकारतो, नाकारतो, अथवा दुरुस्तीसाठी परत करतो. निर्णय संपादकाचा असतो. परीक्षकाचे काम सल्ला देण्याचे.

ही रीत एका दिवसात रुळली नाही. एडिंबरा येथील विद्वानांच्या मंडळाने १७३१ पासून वैद्यकीय निबंधांचे जे संग्रह काढले, त्यांत निबंध त्या त्या विषयातील जाणत्या सभासदांकडून तपासून घेतले जात. १७५२ साली रॉयल सोसायटीने ‘ट्रॅन्झॅक्शन्स’ची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि निबंधांची निवड करण्यासाठी समिती नेमली. प्रत्येक निबंधावर लेखी अभिप्राय मागवावा ही सूचना विल्यम ह्यूएल यांनी १८३१ साली केली. त्यानुसार एअरी या ज्योतिर्विदाचा निबंध ह्यूएल व लबक या दोघांकडे सोपविला गेला, तो काय, पहिल्याच खेपेस दोन्ही परीक्षकांचे मत जुळेना! एकास निबंधाचे महत्त्व सांगावयाचे होते, तर दुसऱ्यास त्यातील दोष दाखवावयाचे होते. परीक्षकांचा हा मतभेद आजही संपादकांच्या नित्य परिचयाचा आहे.

परीक्षण गुप्तपणे करण्याचा प्रघात आहे. बहुतेक ठिकाणी लेखकाचे नाव परीक्षकास कळते, परंतु परीक्षकाचे नाव लेखकास कळत नाही. काही नियतकालिके दोन्ही नावे झाकून ठेवतात, म्हणजे मोठ्या नावाला झुकते माप मिळू नये व नवख्याची उपेक्षा होऊ नये. याउलट काही नियतकालिके अभिप्राय उघडपणे छापतात. प्रत्येक रीतीचे गुण आहेत, तसे दोषही आहेत. परंतु कोणतीही रीत पत्करली तरी काही बंधने सर्वांस सारखीच लागू पडतात. परीक्षकाने हाती आलेला अप्रकाशित निबंध कोणास दाखवू नये, त्यातील कल्पना स्वतःच्या कामासाठी उचलू नये, आणि लेखकाशी मैत्री, वैर अथवा पैशाचा संबंध असल्यास परीक्षण करण्यास नकार द्यावा. संपादकाने स्वतःच्या वा स्वकीयांच्या निबंधाचा निर्णय स्वतः करू नये. तो दुसऱ्या संपादकाकडे सोपवावा. देश, धर्म, जात, लिंग अथवा संस्थेचा लौकिक यांवरून निबंधाची किंमत ठरवू नये.

परीक्षणाची शक्ती आणि मर्यादा

परीक्षणाचा उपयोग किती होतो हे दाखविणारा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १९३६ साली आल्बर्ट आइन्स्टाइन व नेथन रोझेन यांनी अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकाकडे एक निबंध धाडला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात असूच शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यात होता. संपादक जॉन टेट यांनी तो रीतीप्रमाणे परीक्षकाकडे पाठविला. परीक्षकाने त्यातील दोष दाखविणारा सविस्तर अभिप्राय दिला. छापण्यापूर्वी निबंध परक्यास दाखविला याचा आइन्स्टाइन यांना राग आला, आणि त्यांनी तो परत मागविला. पुढे प्रिन्स्टन येथील हॉवर्ड रॉबर्टसन यांच्याशी झालेल्या चर्चेतून चूक ध्यानात आली, आणि १९३७ साली निबंध अन्यत्र छापला गेला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. तो अनामिक परीक्षक म्हणजे खुद्द रॉबर्टसनच होते, हे नियतकालिकाच्या जुन्या नोंदवहीवरून २००५ साली उजेडात आले. गुरुत्वीय लहरींचा प्रत्यक्ष वेध सप्टेंबर २०१५ मध्ये घेतला गेला. आइन्स्टाइन यांच्या नावापुढेही परीक्षकाची लेखणी थबकली नाही, यातच या पद्धतीचे बळ आहे.

परंतु परीक्षण अचूक असते असे मात्र मानू नये. ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी किरणोत्सर्जनाच्या नियमासंबंधीचा आपला निबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’कडे धाडला होता, तो तेथे प्रसिद्ध झाला नाही. जून १९२४ मध्ये त्यांनी तो आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर केले आणि ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ या नियतकालिकात तो छापवून आणला. पुंजभौतिकीतील एका मोठ्या शाखेचा पाया त्या निबंधाने घातला. उलटपक्षी, वॉटसन व क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील निबंध एप्रिल १९५३ मध्ये ‘नेचर’ने बाहेरच्या परीक्षकांकडे न धाडताच छापला. सर्व निबंधांचे परीक्षण सक्तीचे करण्याचा नियम त्या साप्ताहिकाने १९७३ साली केला. म्हणजे परीक्षणातून चांगले काम निसटू शकते, आणि परीक्षणावाचूनही चांगले काम छापले जाऊ शकते. याहून मोठी मर्यादा अशी की, परीक्षक लेखकाच्या प्रयोगशाळेत जाऊन पाहत नाही. लेखकाने जे आकडे दिले ते खरोखरीच मोजलेले आहेत, असे गृहीत धरूनच तो पुढे जातो. चूक शोधण्यासाठी ही पद्धती बनली आहे. लबाडी पकडण्यासाठी ती बनलेली नाही. म्हणूनच लेखकाच्या सचोटीचा प्रश्न मुळाशी येतो.

लेखकाची कर्तव्ये

वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे एकत्र आले, आणि हस्तलिखित कसे असावे याविषयी त्यांनी एकसारखे नियम ठरविले. या मेळाव्यातून पुढे जी आंतरराष्ट्रीय समिती झाली, तिने लेखक कोणास म्हणावे याच्या चार अटी घातल्या आहेत. कामाच्या आखणीत अथवा माहिती मिळविण्यात वा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा असला पाहिजे. लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक सुधारणेत भाग घेतला पाहिजे. अंतिम मसुद्यास संमती दिली पाहिजे. आणि कामाविषयी प्रश्न उपस्थित झाल्यास उत्तर देण्याची जबाबदारी पत्करली पाहिजे. या चारही अटी पुऱ्या करील तोच लेखक. विभागप्रमुख म्हणून, उपकरण उसने दिले म्हणून अथवा स्नेहापोटी कोणाचे नाव घालणे नियमबाह्य होय. तसेच ज्याने काम केले त्याचे नाव गाळणे हाही अन्यायच. याच न्यायाने, यंत्राकडून मजकूर लिहवून घेण्याची साधने २०२३ च्या सुमारास सर्वत्र पसरली तेव्हा संपादकांच्या संघटनांनी ठरविले की यंत्रास लेखक म्हणता येणार नाही. कारण उघड आहे : यंत्र जबाब देऊ शकत नाही. अशा साधनाची मदत घेतली असल्यास लेखकाने ते सांगावे, आणि चुकांची जबाबदारी स्वतः घ्यावी.

लेखकाने करू नये अशा गोष्टींत तीन सर्वांत गंभीर मानल्या जातात. पहिली, न केलेल्या प्रयोगाचे आकडे रचणे. दुसरी, केलेल्या प्रयोगाचे आकडे, आलेख वा छायाचित्रे हव्या त्या निष्कर्षासाठी बदलणे किंवा नको ते वगळणे. तिसरी, दुसऱ्याचे शब्द, कल्पना अथवा आकृत्या श्रेय न देता वापरणे, म्हणजेच वाङ्मयचौर्य. यांखेरीज एकच काम दोन ठिकाणी नवे म्हणून छापणे, एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे निबंध धाडणे, आणि एका कामाचे विनाकारण तुकडे करून निबंधांची संख्या फुगविणे हेही गैर होय. एकच रुग्णसमूह दोन निबंधांत दोनदा मोजला गेला, तर औषध प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक गुणकारी भासते. यावरून द्विवार प्रकाशनाचा दोष केवळ तांत्रिक नाही हे ध्यानात येईल. माणसांवर प्रयोग केले असल्यास नीतिसमितीची परवानगी व सहभागी व्यक्तींची जाणती संमती असावी लागते. औषधाच्या चाचण्यांची नोंद त्या सुरू होण्यापूर्वीच करावी लागते, म्हणजे प्रतिकूल निष्कर्ष गुपचूप दडपता येऊ नयेत. भारतात अशी नोंदवही २००७ साली उघडण्यात आली, आणि १५ जून २००९ पासून ही नोंद सक्तीची झाली.

खोट्या नोंदीची किंमत

एखादी खोटी नोंद शास्त्राच्या वहीत शिरली, तर ती किती काळ दिशाभूल करते याचे एक उदाहरण खानदेशातील आहे. वनपिंगळा, ज्यास कोणी रानपिंगळाही म्हणतात, हे मध्य भारतातील एक छोटे घुबड. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिविषयक नियतकालिकात त्याचे पहिले वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कोणास मिळाला नाही. केवळ एक नोंद पुढच्या काळातील होती : रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामवंत ब्रिटिश पक्षिसंग्राहकाने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे आपणांस हा पक्षी मिळाला, असे आपल्या नमुन्यावर लिहिले होते. या नोंदीवर विश्वास ठेवून पक्ष्याचा शोध भलत्याच ठिकाणी घेतला गेला. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील कातडी बारकाईने तपासली, तेव्हा निराळीच हकीकत उघडकीस आली. १९१४ चा म्हणून दाखविलेला नमुना वस्तुतः जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात मिळविलेला होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. ती नोंद बाजूस सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतला गेला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ वनपिंगळा जिवंत आढळला. मधे ११३ वर्षे लोटली होती. या बनवाबनवीचा वृत्तान्त १९९९ साली ‘आयबिस’ या पक्षिशास्त्रीय नियतकालिकात रीतसर प्रसिद्ध झाला.

दुसरे उदाहरण हिमालयाच्या भूविज्ञानातील आहे. चंदिगढ येथील पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता यांनी सुमारे पंचवीस वर्षांत हिमालयातील जीवाश्मांवर शेकडो निबंध प्रसिद्ध केले. त्यांतील अनेकांत देशोदेशींचे तज्ज्ञ सहलेखक होते. हाती आलेल्या जीवाश्माचे वर्णन ते करीत. तो ज्या खडकात सापडला म्हणून सांगितले जाई तो खडक त्यांनी पाहिलेला नसे. ऑस्ट्रेलियन भूवैज्ञानिक जॉन टॅलेंट यांनी १९८९ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, यांतील काही जीवाश्म मोरोक्को, न्यूयॉर्क अशा दूरच्या ठिकाणच्या जीवाश्मांशी इतके तंतोतंत जुळतात की ते हिमालयातील असणे संभवत नाही. गुप्ता यांनी आरोप नाकारले. परंतु विद्यापीठाने करविलेल्या चौकशीत ते दोषी ठरले. एका व्यक्तीच्या या कृत्यामुळे हिमालयाच्या प्राचीन इतिहासाविषयीच्या पुष्कळ माहितीची फेरतपासणी करण्याचा भार इतरांवर पडला. लेखक म्हणून नाव देणाऱ्याने कामाची जबाबदारी घेतली पाहिजे, हा नियम का आहे ते यावरून उमगते.

या दोन्ही प्रसंगांत हानी ज्ञानाची झाली. तिसऱ्या प्रसंगात ती बालकांच्या आरोग्यापर्यंत पोचली. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात अँड्र्यू वेकफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध छापला गेला. केवळ १२ मुलांच्या निरीक्षणावरून गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील संयुक्त लस आणि आत्ममग्नता यांच्यात संबंध असावा, असे त्यात सूचित केले होते. वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली. इंग्लंडमध्ये लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण घटत जाऊन २००३-०४ साली सुमारे ८० टक्क्यांवर आले, आणि आटोक्यात आलेला गोवर पुन्हा पसरू लागला. लस बनविणाऱ्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांनी पैसे घेतले होते, ही गोष्ट ब्रायन डीअर या पत्रकाराने २००४ साली उजेडात आणली. निबंधात तिचा उल्लेख नव्हता. त्याच वर्षी दहा सहलेखकांनी निष्कर्षास दिलेला पाठिंबा काढून घेतला. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला, आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. पुढे २०१९ साली डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या पाहणीतून असा कोणताही संबंध नसल्याचे पुन्हा सिद्ध झाले. तरीही त्या भीतीचा अंमल पुरता ओसरलेला नाही. पैशाचा संबंध निबंधात स्पष्ट लिहावा, हा नियम कित्येकांस क्षुल्लक वाटतो. तो येथे पाळला असता तर संपादकांस, परीक्षकांस व वाचकांस निबंध वेगळ्या नजरेने वाचता आला असता.

दुरुस्ती आणि माघार

छापलेल्या निबंधात चूक आढळल्यास काय करावे, याचेही नियम आहेत. लहान चूक असल्यास शुद्धिपत्र छापले जाते. गंभीर शंका उत्पन्न झाली, परंतु चौकशी पुरी व्हावयाची असली, तर संपादक वाचकांस सावध करणारे निवेदन प्रसिद्ध करतो. निष्कर्ष विश्वसनीय नाहीत असे ठरल्यास निबंध मागे घेतला जातो. मागे घेणे म्हणजे नाहीसा करणे नव्हे. निबंध जागच्या जागी राहतो. त्यावर ठळक सूचना लावली जाते, आणि कोणी व का मागे घेतला हे लिहिले जाते. नोंदवहीतील पान फाडले तर पुढच्या वाचकास काय घडले ते कळणार नाही, म्हणून ही दक्षता. अशा बाबतींत संपादकांनी कसे वागावे याचे मार्गदर्शन करण्यासाठी ब्रिटनमधील वैद्यकीय संपादकांनी १९९७ साली प्रकाशननीतीची एक समिती स्थापन केली. आज जगातील सहस्रावधी नियतकालिके तिची सभासद आहेत.

माघार घेणे हे नेहमीच लबाडीचे लक्षण नसते. प्रामाणिक चूक ध्यानात येताच स्वतः होऊन निबंध मागे घेणारा शास्त्रज्ञ आदरासच पात्र होय. तथापि अलीकडील काळात या संख्येने चिंताजनक रूप घेतले आहे. २०२३ या एका वर्षात जगात १०,००० हून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्यांतील बहुसंख्य निबंध एकाच प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतील होते, आणि पैसे घेऊन निबंध तयार करून विकणाऱ्या टोळ्यांचा व बनावट परीक्षणाचा त्यांत मोठा हात असल्याचे दिसून आले.

बाजार आणि संख्या

अशा टोळ्या का निर्माण होतात? निबंधांची संख्या मोजून नेमणुका व बढत्या दिल्या जाऊ लागल्या, म्हणजे निबंध ही विकत घेण्याची वस्तू बनते. पूर्वी नियतकालिकांचा खर्च वर्गणीतून चाले. त्यामुळे गरीब ग्रंथालयांस ती परवडत नसत. यावर उपाय म्हणून सर्वांस विनामूल्य वाचता यावे अशा मुक्त प्रकाशनाचा पुरस्कार २००२ च्या बुडापेस्ट येथील घोषणेने केला. हा हेतू उदात्त होता, आणि त्याचा लाभही मोठा झाला. परंतु खर्च लेखकाकडून घ्यावयाचा म्हटल्यावर, शुल्क घेऊन कोणताही निबंध परीक्षणाविना छापणारी दुकाने उघडली गेली. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने उघड उघड चुका असलेला एक बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे धाडला. त्यांपैकी १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. नाकारणारी ९८ होती. स्वीकारणाऱ्यांत भारतातून चालविल्या जाणाऱ्या नियतकालिकांची संख्या सर्वांत मोठी होती, ही आपल्या दृष्टीने खेदाची बाब होय.

आपल्या देशात यावर काही उपाय योजण्यात आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम केले. त्यांनुसार प्रबंधातील मजकूर ६० टक्क्यांहून अधिक अन्यत्रच्या मजकुराशी जुळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होऊ शकते. पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने संशोधन व प्रकाशननीतीचा अभ्यासक्रम पुरा करावा, असेही आयोगाने ठरविले. विश्वसनीय नियतकालिकांची यादी आयोगाने २०१९ साली प्रसिद्ध केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करण्यात आली, आणि नियतकालिकांची पारख करण्याचे काम त्या त्या विद्यापीठावर सोपविण्यात आले. यादी असो वा नसो, पारख करणाऱ्या माणसाची जागा ती घेऊ शकत नाही, हे यावरून ध्यानात घ्यावे.

वाचकाचे कर्तव्य

ही सर्व व्यवस्था अखेर वाचकासाठी आहे, आणि वाचकाचाही तीत वाटा आहे. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ असे वर्तमानपत्रात वाचावयास मिळाले, तर काही साधे प्रश्न विचारावे. निबंध कोठे छापला गेला? त्या नियतकालिकाचे संपादक कोण आहेत, आणि परीक्षणाची पद्धती उघडपणे सांगितली आहे काय? निरीक्षणे किती जणांवर केली? खर्च कोणी दिला? इतरांनी तेच काम स्वतंत्रपणे करून पाहिले आहे काय? निबंध पुढे मागे घेतला गेला आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास पदवी लागत नाही. ग्रंथालय व थोडा वेळ पुरेसा होतो.

शाळेच्या प्रयोगवहीतही हीच नीती आरंभापासून पाळता येते. लोलकाच्या आंदोलनाचा काळ अपेक्षेप्रमाणे आला नाही, तर पुस्तकातील आकडा वहीत उतरवून ठेवण्याचा मोह विद्यार्थ्यास होतो. जे मोजले तेच लिहावे, शेजाऱ्याच्या वहीतून घेतले असल्यास तसे सांगावे, आणि चूक सापडली तर ती खोडून न टाकता, वाचता येईल अशा रीतीने तिच्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा. मोठमोठ्या नियतकालिकांचे नियम याहून फारसे निराळे नाहीत. खरा आकडा लिहिण्याची सवय ज्या हाताला लहानपणी लागली, त्याच हाताने पुढे लिहिलेल्या निबंधावर जगाला विसंबता येते.